चित्रसंदेश उघडत नाही तेव्हा

टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकून दाराशी येणारी पिढी आजही आपल्या खेड्यांत आहे. तार आली की घरात सर्वांच्या काळजात धस्स होई आणि ती वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. आज निरोप येतो तो हातातील स्मार्टफोनवर आणि तोही पुष्कळदा अक्षरांत नव्हे, तर चित्रांत. आजारी गुराचे छायाचित्र पशुवैद्यकाकडे जाते. परगावी नोकरीला असलेल्या मुलाला घरच्या बाळाची पहिली पावले चित्रफितीतून पाहावयास मिळतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या, त्या वेळी शिक्षकांनी पाठविलेले पाठ आणि गृहपाठ असंख्य मुलांपर्यंत याच मार्गाने पोहोचले. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चित्र समजते, हे या साधनाचे मोठेपण होय.

परंतु हे चित्र वेळेवर उघडले नाही, तर काय होते? आमच्या परिचयाच्या एका मका उत्पादक शेतकऱ्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्याच्या शेतात मक्याच्या पोंग्यात अळी दिसली. ती अमेरिकन लष्करी अळी असावी, अशी त्याला शंका आली. ही कीड २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. त्याने अळीचे छायाचित्र काढून कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याकडे पाठविले. तासाभरात उत्तर आले. अळी ओळखण्याच्या खुणा दाखविणारे एक चित्र आणि उपाय समजावून सांगणारी एक छोटी चित्रफीत असे ते उत्तर होते. मात्र शेतकऱ्याच्या फोनवर दिसला तो केवळ धूसर चौकोन आणि त्यावरील खाली वळलेला बाण. त्याने दहा वेळा बोट लावले, चित्र काही उघडले नाही.

फोन बिघडला असे समजून तो दोन दिवसांनी तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने फोन पूर्णपणे पुसून नव्यासारखा करून दिला. फोन चालू झाला खरा. पण आलेले उत्तर गेले आणि त्यासोबत मुलीच्या लग्नाची छायाचित्रेही गेली. इकडे अळी मोठी झाली. मोठी झालेली अळी पोंग्यात खोलवर दडून बसते आणि मग औषधाचा परिणाम तिच्यावर कमी होतो. मूळ कारण काय होते? फोनमध्ये जागा शिल्लक नव्हती, एवढेच. रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे वर्षभर साठत गेली आणि त्यांनी ती जागा व्यापून टाकली होती. पाच मिनिटांचे काम होते. ते ठाऊक नसल्यामुळे दोन दिवस, पैसे आणि आठवणी, तिन्ही गमावण्याची वेळ आली.

अशी पाळी वाचकांवर येऊ नये, यासाठी चित्रसंदेश आपल्यापर्यंत कसा येतो आणि तो कोठे अडू शकतो, याची माहिती या लेखात क्रमाने दिली आहे.

चित्राचा प्रवास

चित्रसंदेश येण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेश अ‍ॅपचा. यात पाठविणाऱ्याच्या फोनमधून चित्र प्रथम त्या कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे मध्यवर्ती संगणकाकडे जाते. आपल्या फोनला संदेश आल्याची सूचना मिळते आणि मग आपला फोन ते चित्र इंटरनेटवरून उतरवून घेतो. दुसरा मार्ग मोबाईल कंपनीच्या एमएमएस सेवेचा. हा साध्या एसएमएसचाच थोरला भाऊ होय. त्यात चित्र मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत थांबते आणि तेथून आपल्या फोनवर येते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. 'चित्र आले आहे' ही सूचना आणि प्रत्यक्ष चित्र या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. मनीऑर्डरचा निरोप मिळाला म्हणजे रक्कम हाती पडली असे नव्हे, तसेच हे आहे. धूसर चौकोन दिसणे म्हणजे निरोप मिळाला, पण ऐवज अद्याप वाटेत आहे. म्हणून फोन बिघडला असा निष्कर्ष एकदम काढू नये. वाट, जागा आणि परवानगी या तीन ठिकाणी क्रमाने शोध घ्यावा. बहुतेक अडचणी यांतच सापडतात.

वाट मोकळी आहे का?

प्रथम इंटरनेट चालू आहे की नाही, हे पाहावे. फोनवर बोलता येते म्हणजे इंटरनेटही चालते, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. बोलण्याची सेवा आणि डेटा सेवा यांचा कारभार वेगळा आहे. एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडत नसेल, तर दोष चित्राचा नसून जोडणीचा आहे. मोबाईल डेटाचे बटण चालू आहे ना, विमानाचे चिन्ह चुकून दाबले गेले नाही ना, हे तपासावे. विमानाचे चिन्ह दहा-पंधरा सेकंद चालू ठेवून पुन्हा बंद केल्यास फोन मनोऱ्याशी नव्याने जोडला जातो. एवढ्यानेही अनेकदा काम भागते. ते न झाल्यास फोन एकदा बंद करून चालू करावा.

दुसरी बाब रोजच्या डेटाची. अनेक योजनांत दिवसाला ठराविक डेटा मिळतो आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसपर्यंत खाली येतो. याचा अर्थ हिशेबाने समजून घेण्यासारखा आहे. या वेगाने सेकंदाला सुमारे ८ किलोबाइट माहिती येते. २०० किलोबाइटचे साधे छायाचित्र यायला २५ सेकंद लागतील. पण १६ मेगाबाइटच्या चित्रफितीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल, तोही जोडणी मध्ये तुटली नाही तर. तेव्हा छायाचित्रे येतात व चित्रफिती येत नाहीत, किंवा सकाळी येतात व सायंकाळी येत नाहीत, अशी तक्रार असेल, तर प्रथम डेटा संपला आहे का ते पाहावे.

तिसरी बाब फोनच्या घड्याळाची. हिचा चित्राशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण संबंध निकटचा आहे. सर्व्हर आपली ओळख एका डिजिटल प्रमाणपत्राने पटवितो आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. फोनमध्ये तारीख चुकीची असेल, तर फोनला ते प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटते व तो जोडणी नाकारतो. म्हणून सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ 'स्वयंचलित' ठेवावी.

मोबाईल कंपनीचा चित्रसंदेश

एमएमएसच्या बाबतीत आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. घरात वाय-फाय असले तरी साधारणपणे एमएमएससाठी मोबाईल डेटा चालू असावा लागतो, कारण हा संदेश मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून येतो. फोनमध्ये दोन सिम असतील, तर ज्या सिमवर संदेश आला त्याच सिमचा डेटा चालू आहे का, हे पाहावे. एका सिमवर संदेश आणि दुसऱ्यावर डेटा, या घोटाळ्यामुळे 'डाउनलोड होत आहे' ही ओळ दिवसभर तशीच दिसत राहते.

संदेशांच्या अ‍ॅपमध्ये एमएमएस आपोआप उतरविण्याचा पर्याय असतो. तो चालू ठेवावा. परराज्यात वा परदेशात रोमिंगवर असताना यासाठी वेगळा पर्याय असतो आणि तो सहसा बंद असतो. आयफोनमध्ये मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये एमएमएसचे स्वतंत्र बटण आहे. हे सर्व ठीक असूनही संदेश येत नसेल, तर अ‍ॅक्सेस पॉइंट नेम म्हणजे एपीएन तपासावे. कंपनीच्या जाळ्यात कोणत्या दाराने शिरावे, याचा पत्ता त्यात लिहिलेला असतो. सिम बदलल्यावर किंवा दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये तो कधीकधी चुकलेला असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सिमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एपीएन मूळ स्थितीवर आणण्याची सोय आहे. त्यातील आकडे आपल्या मनाने बदलू नयेत. आपल्या योजनेत ही सेवा आहे का आणि तिला आकार किती, हेही कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून घ्यावे.

जागा शिल्लक आहे का?

वर सांगितलेल्या शेतकऱ्याची अडचण हीच होती. घरात धान्याची कणगी भरली असेल, तर नवे पोते दारातच राहते. फोनचेही तसेच आहे. सेटिंग्जमधील 'स्टोरेज' या सदरात एकूण जागा किती व शिल्लक किती, हे दिसते. शिल्लक अगदी थोडी असेल, तर नवे चित्र उतरत नाही आणि फोनही मंदावतो.

ही जागा मोकळी करताना घाई करू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या सदराखाली साठा व्यवस्थापनाची सोय आहे. अनेकदा पुढे पाठविलेल्या वस्तू आणि ५ मेगाबाइटपेक्षा मोठ्या वस्तू तेथे वेगळ्या काढून दाखविल्या जातात. सुरुवात तेथून करावी. सण-उत्सवांची शुभेच्छाचित्रे आणि दहा जणांनी पाठविलेली एकच चित्रफीत यांना प्रथम रजा द्यावी. घरची छायाचित्रे, सातबारा, गुणपत्रिका, दवाखान्याचे कागद यांना हात लावण्यापूर्वी त्यांची प्रत अन्यत्र ठेवली आहे, याची खात्री करावी. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुसलेली चित्रे बहुतेक फोनमध्ये काही दिवस कचरापेटीत राहतात. ती पेटी रिकामी केल्याखेरीज जागा मोकळी होत नाही.

परवानगी दिली आहे का?

वाट मोकळी आहे, जागाही आहे, तरीही चित्र उतरत नसेल, तर परवानग्यांकडे वळावे. प्रत्येक अ‍ॅपला छायाचित्रांच्या साठ्यात हात घालण्यासाठी मालकाची संमती लागते. ती देताना आपण चुकून 'नाही' म्हटलेले असते आणि नंतर ते विसरतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचे नाव शोधून फोटो व व्हिडिओ यांची परवानगी पाहावी. डेटा सेव्हर किंवा बॅटरी बचतीची सोय चालू असेल, तर अ‍ॅप पडद्याआड असताना त्याचा डेटा अडविला जातो. अशा वेळी अ‍ॅप उघडल्यावरच संदेश धडाधड येऊ लागतात. तेव्हा आवश्यक अ‍ॅपला त्यातून सूट द्यावी.

स्वतःहून चित्र उतरविण्याचा पर्यायही येथेच पाहावा. मोबाईल डेटावर, वाय-फायवर आणि रोमिंगवर कोणत्या वस्तू आपोआप उतराव्यात, हे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वेगवेगळे ठरविता येते. डेटा वाचविण्यासाठी चित्रफिती बंद ठेवणे शहाणपणाचेच आहे. मात्र मग हवी ती चित्रफीत बोट लावून उतरवावी लागते. हा बिघाड नव्हे, ही आपणच घातलेली शिस्त आहे. अ‍ॅप फार जुने असेल, तर ते अधिकृत प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच अद्ययावत करावे.

चित्र आले, पण दिसत नाही

काही वेळा चित्र आलेले असते, पण गॅलरीत सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'मीडिया दृश्यता' हा पर्याय बंद असल्यास चित्र संभाषणात दिसते, गॅलरीत दिसत नाही. काही चित्रे पाठविणाऱ्याने 'एकदाच पाहा' या अटीवर पाठविलेली असतात. ती एकदा उघडून बंद केली की पुन्हा दिसत नाहीत आणि १४ दिवसांत उघडली नाहीत तर आपोआप बाद होतात. काही संभाषणांत संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी नाहीसे होण्याची व्यवस्था केलेली असते. या तिन्ही प्रसंगी फोनचा काही दोष नसतो.

चित्रफितीचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही, किंवा फाइल उघडतच नाही, असे झाले तर तिचा प्रकार आपल्या फोनला अपरिचित असण्याचा संभव असतो. विशेषतः आयफोनवर काढलेले छायाचित्र दस्तऐवज म्हणून पाठविले, तर काही जुन्या फोनवर ते उघडत नाही. अशा वेळी ते जेपीजी स्वरूपात पाठविण्यास सांगावे.

विलंब करू नये

चित्रसंदेश अनंत काळ वाट पाहत नाही. आपला फोन बंद असेल, तर न पोहोचलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत राहतो आणि त्यानंतर पुसला जातो. संदेश पोहोचला पण चित्र उतरवून घेतले नाही, तर तेही पुढे मिळेनासे होते व ते पुन्हा पाठविण्यास सांगा अशी सूचना येते. तसे झाल्यास संकोच न करता पाठविणाऱ्याला फोन करावा. त्याच्याकडे मूळ चित्र असेतोवर काहीच बिघडलेले नसते.

पाठविणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. एक करडी खूण म्हणजे संदेश आपल्याकडून निघाला, दोन करड्या खुणा म्हणजे तो समोरच्या फोनवर पोहोचला. परंतु दोन खुणा दिसल्या म्हणून चित्र उघडले गेले असे समजू नये. महत्त्वाच्या चित्राखाली दोन ओळी मजकूर अवश्य लिहावा. मंद जोडणीवर चित्र अडले तरी अक्षरे पोहोचतात. त्या शेतकऱ्याला चित्राखाली केवळ उपाय लिहून आला असता, तरी त्याचे दोन दिवस वाचले असते. संदेश अ‍ॅप चित्र पाठविताना त्याचा आकार कमी करते व बारकावे पुसट होतात. लष्करी अळीच्या डोक्यावरील इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके ओळखायचे, तर चित्र स्पष्ट हवे. अशा वेळी एचडी हा पर्याय निवडावा किंवा चित्र दस्तऐवज म्हणून पाठवावे.

जे न उघडणेच बरे

आलेली प्रत्येक वस्तू उघडलीच पाहिजे, असेही नाही. लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती किंवा बँकेची सूचना अशा नावाने फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ते चित्र नव्हे, ते फोनमध्ये बसविले जाणारे अ‍ॅप असते. ते बसविल्यास आपले संदेश व बँकेचे संकेतांक परक्याच्या हाती जाऊ शकतात. छायाचित्राच्या नावाअखेर सहसा जेपीजी किंवा पीएनजी आणि चित्रफितीच्या नावाअखेर एमपी४ असते. चित्र पाहण्यासाठी नवे अ‍ॅप बसवावे लागत नाही व ओटीपीही सांगावा लागत नाही. ओळखीच्या क्रमांकावरून अशी फाइल आली तरी प्रथम त्या व्यक्तीला फोन करून विचारावे, कारण तिचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. फसवणूक होऊन पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी

वरील सर्व उपाय करूनही यश आले नाही, तर दोन उपाय राहतात. पहिला, अ‍ॅपची 'कॅश' म्हणजे तात्पुरता साठा पुसणे. याने संभाषण जात नाही. मात्र त्याच्या शेजारीच असलेल्या 'डेटा पुसा' या बटणाला हात लावू नये. दुसरा, नेटवर्क सेटिंग्ज मूळ स्थितीवर आणणे. याने छायाचित्रे जात नाहीत, मात्र वाय-फायचे संकेतशब्द पुन्हा भरावे लागतात. दोष मोबाईल कंपनीच्या सेवेत आहे असे दिसल्यास १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागावी.

फोन संपूर्ण पुसणे, म्हणजे 'फॅक्टरी रीसेट', हा अखेरचा उपाय होय. तो कोणी सुचविल्यास दोन प्रश्न विचारावेत: माझ्या संभाषणांची व छायाचित्रांची प्रत घेतली आहे का? आणि दोष वाटेत, जागेत वा परवानगीत नाही, हे पाहिले आहे का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत फोन दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये.

प्रत्येक गावात ही माहिती असलेला एखादा तरुण किंवा तरुणी असतेच. बचत गटाच्या बैठकीत, ग्रामसभेनंतर किंवा शाळेच्या पालकसभेत अर्ध्या तासात हे सर्व दाखवून देता येईल. त्या मका उत्पादकाने पुढच्या हंगामात हेच केले. धूसर चौकोन पुन्हा दिसला, तेव्हा त्याने प्रथम डेटा पाहिला, मग जागा पाहिली, शुभेच्छांची दोनशे चित्रे पुसली आणि बाणावर बोट ठेवले. चित्र उघडले. अळी लहान होती आणि फवारणीला अजून वेळ होता.